माती कुठे पडली

आमच्या डिचोली तालुक्यात दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या, की धावत आलेले लोक आधी विचारतात, "कोणाक लागूंक ना मरे?" लागलेलं नसलं तर सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो आणि लगेच दुसरा प्रश्न येतो, "चूक कोणाची?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर ऐकायला लोक खरोखर थांबतात. दुसरा विचारला जातो तेव्हा उत्तर बहुतेकांच्या मनात तयार असतं. नंबरप्लेट कुठली, चालवणारा ओळखीचा की परका, तरुण की वयस्क, बाई की बुवा, गाडी मोठी की लहान, एवढं पाहून निवाडा होतो. तोही उभ्याउभ्या, रस्त्याकडे एकदाही खाली न बघता.

ही सवय आमोण्यासारख्या गावांना का लागली, ते मला कळतं. मांडवीच्या काठी असलेल्या आमच्या गावाच्या एका अंगाला न्हावेली, कुडणे, सांखळी. पुलापलीकडे खांडोळा आणि माशेल. नदी असल्यामुळे धक्के आले, धक्क्यांमुळे बार्जेस आल्या, आणि बार्जेस भरायला खाणींवरून ट्रकांच्या रांगा आल्या. २०१०-११ या एका वर्षात गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेलं. हा आकडा कागदावर वाचणं वेगळं आणि तो दारासमोरून जाताना पाहणं वेगळं. अंगणातली तुळस लाल, वळीवर वाळत घातलेले कपडे लाल, शाळेत जाणाऱ्या मुलांच्या भुवया लाल. बैलगाडीच्या मापाने आखलेल्या वाटेवर दोन ट्रक समोरासमोर आले की तिसऱ्याने गटारात उतरायचं. त्या काळात ट्रक आणि स्कूटर यांच्यात काही झालं, तर चूक ट्रकाची हे ठरलेलंच होतं. त्या निवाड्यामागे गावोगावची दुःखं होती, म्हणून त्याला कोणी हरकत घेत नसे. मीही घेतली नसती.

पुढे १० सप्टेंबर २०१२ ला राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१४ च्या एप्रिलमध्ये वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेत परवानगी मिळाली, ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने पुन्हा सगळं बंद पडलं, मग लिलाव होऊन खाणी हळूहळू सुरू झाल्या. या चढउतारांत ट्रक कमी-जास्त झाले, पण दुचाक्या, घरच्या मोटारी आणि भाड्याने दिलेल्या गाड्या वाढतच गेल्या. रस्ते रुंद झाले. चार वाटा मिळतात तिथे सर्कल आली. रस्ता बदलला, निवाड्याची रीत मात्र ट्रकांच्या काळातलीच राहिली. मोठा तो दोषी, परका तो दोषी.

सर्कल ही फार साधी आणि फार शहाणी गोष्ट आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. चार रस्त्यांच्या उघड्या चौकात गाड्यांच्या वाटा एकमेकींना ज्या ठिकाणी छेदतात, मिळतात किंवा फुटतात, अशी ठिकाणं बत्तीस भरतात. एकपदरी सर्कल बांधलं की ती आठ उरतात. समोरासमोरची आणि काटकोनातली धडक, म्हणजे जीव घेणारी धडक, जवळजवळ नाहीशी होते. उरते ती बाजूने घासणारी, दार चेपणारी, आरसा उडवणारी. ज्या चौकात सिग्नल नाही, पोलीस नाही, तिथे मधोमध एक गोल ओटा बांधून एवढं साधत असेल, तर आणखी काय हवं?

पण हे सगळं एका नियमावर उभं आहे. आत शिरणाऱ्याने थांबायचं, आत असलेल्याला जाऊ द्यायचं. आज हे उघड वाटतं, तरी जगाला ते कळायला वेळ लागला. पॅरिसमध्ये एतुआलच्या विजयकमानीभोवती, जिथे बारा रस्ते मिळतात, १९०७ पासून एकाच दिशेने गोल फिरणं सुरू झालं. पण तिथे उजवीकडून आत येणाऱ्याला अग्रक्रम आहे, म्हणजे आत असलेल्यानेच थांबायचं. गर्दी वाढली की असं वर्तुळ आतून भरून घट्ट बसतं. इंग्लंडातही वर्षानुवर्षं सर्कल कोंडत राहिली, आणि १९६६ मध्ये उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचा नियम तिथे सक्तीचा झाला तेव्हा ती मोकळी झाली.

आपण डावीकडून गाड्या चालवतो, त्यामुळे आपलं सर्कल घड्याळाच्या काट्यांसारखं फिरतं आणि आत असलेली गाडी शिरणाऱ्याला नेहमी उजव्या हाताला दिसते. गोव्यात हे असंच असणार हे काही ठरलेलं नव्हतं. पोर्तुगालने १ जून १९२८ रोजी डावी बाजू सोडून उजवी धरली. गोव्याने ती धरली नाही, कारण पलीकडे सावंतवाडीकडे, बेळगावकडे सगळे डावीकडून चालत होते. लिस्बनचं राज्य असूनही आमच्या रस्त्याने शेजाऱ्यांची बाजू धरली. दोडामार्गाला किंवा पत्रादेवीला हद्द ओलांडताना कोणाला गाडी दुसऱ्या कडेला न्यावी लागली नाही, ही त्या शेजारधर्माची पुण्याई.

आपल्याकडच्या १९८९ च्या रस्ता-नियमांत लिहिलं होतं की चौकात शिरताना तो रस्ता मुख्य म्हणून जाहीर केलेला असेल तर त्यावरच्या वाहनांना वाट द्यावी, नाहीतर उजवीकडून येणाऱ्या सगळ्यांना द्यावी. २०१७ मध्ये त्यांच्या जागी नवे चालन-विनियम आले. पण लोकांच्या मनात जुन्या नियमाचा पहिलाच अर्धा भाग घर करून बसला आहे. हायवेवरून येणारा म्हणतो, "हायवे माझा, त्याने थांबायला हवं होतं." सर्कलच्या तोंडाशी आल्यावर हायवे संपतो, तिथे सगळे सारखे, हे त्याच्या कानावर कोणी घातलेलंच नसतं. दुचाकीवाला पूर्ण फेरा मारण्याचा कंटाळा करून उलट्या बाजूने उजवीकडे वळतो आणि शपथेवर सांगतो की तो सर्कलच्या आतच होता. आत होता हे खरंच. पण कोणत्या दिशेने? बस तोंडापाशीच थांबते, तिच्या आडून कोण येतंय ते कोणालाच दिसत नाही. आणि जिथे दोन गाड्या शेजारीशेजारी मावतील एवढं सर्कल रुंद आहे, तिथे तर खरा पेच सुरू होतो. त्या पेचाबद्दलच मला सविस्तर सांगायचं आहे.

समजा, एका गाडीचं डावीकडचं दार चेपलं आहे आणि दुसरीचं नाक. पाहणारा लगेच म्हणेल, दार चेपलेली आत होती, नाक चेपलेली बाहेरून घुसली. पुष्कळदा ते बरोबरही असतं. पण अगदी असाच चेप दुसऱ्या तऱ्हेनेही पडतो. दोन्ही गाड्या आतच आहेत. एक ओट्याला लागून आतल्या पट्ट्यात, दुसरी बाहेरच्या. आतलीला डावीकडचा रस्ता धरायचा आहे; ती मागे-बाजूला न पाहता बाहेरचा पट्टा कापत निघते आणि बाहेरून सरळ चाललेलीचं नाक तिच्या दारात शिरतं. चेप तोच, काचा त्याच, दोष मात्र उलटा. पहिल्या गोष्टीत न थांबता शिरणारा चुकला, दुसरीत न पाहता कापणारा. दाराकडे कितीही वेळ बघत बसलं तरी या दोन गोष्टी वेगळ्या होत नाहीत.

पाऊस सरल्यावरच्या दिवसांत म्हापशाच्या वाटेवर अशी एक धडक माझ्या डोळ्यांसमोर झाली. खरं तर धडक झाली ती पाठीमागे, आवाज ऐकून मी वळलो. काळ्या पाटीवर पिवळे आकडे, म्हणजे भाड्याने घेतलेली गाडी. आत कोल्हापूरकडचं एक कुटुंब, मागच्या सीटवर आजी आणि दोन मुलं. दुसरी गाडी जवळच्याच गावातल्या एका गृहस्थांची. कोणाला खरचटलंही नव्हतं. पाच मिनिटांत पंधरा-वीस माणसं जमली आणि त्यांच्यापैकी एकालाही विचार करावा लागला नाही. 'रेंट-अ-कार' हे दोन शब्द उच्चारले गेले आणि खटला निकालात निघाला. भाड्याच्या गाड्यांनी गोव्यात केलेले अपघात लोकांनी पाहिले आहेत, त्यांचा राग पोकळ नाही. पण तो राग त्या कुटुंबाने कमावलेला नव्हता.

"हांव भितर आशिल्लों, तो भायल्यान घुसलो," गृहस्थ सांगत होते.

"दादा, मी माझ्या कडेने सरळ चाललो होतो. हे एकदम आडवे आले," कोल्हापूरचा तरुण हात जोडल्यासारखं करून म्हणत होता. त्याच्या बायकोने मुलांना रस्त्याच्या कडेला नेलं होतं.

आमच्या वाड्यावरचे एक काका माझ्याबरोबर होते. त्यांनी उमेदीची वर्षं खाणीवरून धक्क्यावर ट्रक नेण्यात घालवली आहेत. ते गर्दीत शिरले नाहीत. गाड्यांच्या भोवती एक चक्कर मारली, वाकले, आणि रस्त्यावरून काहीतरी उचलून बोटांत चुरडलं. सुकलेल्या लाल मातीची खपली होती ती. मग म्हणाले, "पयलीं माती पळयात. मनशांचें मागीर."

पावसाळाभर आमच्या रस्त्यांवर फिरलेल्या गाडीच्या चाकांवरच्या पत्र्याला आतून मातीचा थर बसतो. पाऊस गेला की तो वाळून टणक होतो. धक्का बसताक्षणी हा थर सुटतो आणि खाली पडतो. गाड्या पुढे घसरतात, फिरतात, माणसं त्या बाजूला घेतात. काचा चाकांखाली येऊन दूरवर पसरतात. माती मात्र जिथे पहिला स्पर्श झाला त्याच्या जवळच राहते, वेगाप्रमाणे जरा पुढे सरकलेली. अपघातांचा शास्त्रीय तपास करणारे लोक जगभर हीच खूण शोधतात. काकांनी ते कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. त्यांच्या ट्रकांनी ती माती वर्षानुवर्षं रस्त्यावर सांडली होती.

माती पडली होती ती कोल्हापूरवाल्यांनी आत येण्याच्या तोंडाशी नव्हे, तर गृहस्थ ज्या रस्त्याने बाहेर पडत होते त्या तोंडाशी, बाहेरच्या पट्ट्यात. भाड्याची गाडी धुऊन-पुसून दिलेली, तिच्या पत्र्याला मातीचा कण नव्हता. थर सुटला होता तो स्थानिक गाडीचा. म्हणजे टक्कर झाली तेव्हा त्या तरुणाची गाडी शिरून बरीच पुढे आलेली होती, आणि दार चेपलेली गाडी आतून बाहेर कापत होती. काकांनी निकाल वगैरे दिला नाही. त्यांनी फक्त दोघांनाही ती जागा दाखवली आणि गाड्या हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढायला सांगितले. एक लांबून, ज्यात ओटा आणि दोन्ही तोंडं दिसतील. एक मातीचा, शेजारी चप्पल ठेवून, म्हणजे माप कळेल. चाकं कुठल्या दिशेला वळलेली आहेत त्याचा एक.

गृहस्थांना ते पटलं असं नाही. ते शेवटपर्यंत म्हणत राहिले की तो वेगात होता, आणि तेही खोटं असेल असं मी म्हणणार नाही. पण आवाज खाली आला. ज्या माणसांनी मघाशी एका सुरात निवाडा केला होता, त्यांतले दोघेतिघे आता मातीभोवती उकिडवे बसून आपापसांत वाद घालत होते, आणि तो वाद मला फार आवडला. कारण त्यात कोण कुठला हा विषयच नव्हता. किती फूट, कोणत्या बाजूला, चाक कसं, एवढंच होतं.

कायद्याची चाल याहून फार निराळी नाही, फक्त कागद जास्त. कोणाला इजा झाली असेल तर पोलीस पंचनामा करतात, दोन पंचांसमोर जागेचा नकाशा काढतात, वाहन निरीक्षक गाड्या तपासतो. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे पोलिसांनी पहिला अहवाल ४८ तासांत, मधला ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे ठेवायचा असतो. तिथे फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा लागत नाही. काय घडलं असण्याची शक्यता अधिक, तेवढं पाहिलं जातं. म्हणून नकाशातली चार मापं साक्षीदारांच्या चार तासांच्या बोलण्याला भारी पडू शकतात.

आणि कधी साक्षीदारच नसतो. नागपूरजवळ सावनेरच्या रस्त्यावर १९६० च्या डिसेंबरात एक मोटार सरळ रस्ता सोडून उजवीकडच्या झाडावर आदळली. झाड मोडलं, गाडीचं इंजिन मागे सरकलं, आतले लोक गेले. चालकाने काय चूक केली हे सांगायला कोणी उरलं नव्हतं. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात म्हटलं की इथे घडलेली गोष्ट स्वतःच बोलते. सरळ रस्त्यावरची गाडी उगाच उलट्या बाजूच्या झाडावर जात नाही, तेव्हा निष्काळजीपणा नव्हता हे आता दुसऱ्या बाजूने दाखवावं. माणसं गप्प झाली तरी जागा बोलते, हे न्यायालयाने तेव्हा मान्य केलं. आमच्या काकांचं म्हणणं तरी दुसरं काय होतं?

आपल्या मोटार अपघातांच्या कायद्यातला एक भेद मला फार माणुसकीचा वाटतो आणि तो लोकांना ठाऊक नाही याचं दुःख होतं. दोन चालक चुकले आणि त्यांतलाच एक जखमी झाला, तर त्याच्या भरपाईतून त्याच्या चुकीचा वाटा कापला जातो. न्यायाधिकरण तीस टक्के, पन्नास टक्के असं माप घालतं. हे रास्तच आहे. पण त्याच धडकेत मागच्या सीटवरची आजी जखमी झाली, किंवा स्कूटरवर मागे बसलेली मुलगी, तर तिचा दोष शून्य. तिला दोन्ही चालकांपैकी कोणाकडूनही पूर्ण भरपाई मागता येते. कोणाची किती चूक हे ठरण्याची वाट तिने बघायची नाही, ते दोघांनी आपसात पाहून घ्यावं. सर्वोच्च न्यायालयाने हे २००८ मध्ये स्पष्ट केलं आणि २०१५ मध्ये पुन्हा. त्याही पलीकडे, कायद्याच्या १६४ व्या कलमात मृत्यू झाल्यास पाच लाख आणि गंभीर दुखापतीत अडीच लाख रुपये, चूक कोणाची हा प्रश्न न विचारताच मिळण्याची सोय आहे. म्हणजे ज्या प्रश्नाभोवती आपण रस्त्यावर गळे काढतो, तो प्रश्न बाजूला ठेवूनही न्याय देता येतो हे कायद्याला सुचलेलं आहे.

कोणाला लागलेलं नसेल, तेव्हा तर हा प्रश्न पैशाचा राहतच नाही. गाडीचा स्वतःचा विमा असेल तर दुरुस्ती चूक कोणाचीही असो होते. दावा केला की दावा न केल्याबद्दलची सवलत जाते. ती वीस टक्क्यांपासून वर्षागणिक वाढत पन्नासपर्यंत पोचलेली असते, तेवढा चटका बसतो. तरीही माणसं तासतास भांडतात. माझ्या समजुतीप्रमाणे ते पैशासाठी भांडतच नाहीत. चारचौघांत, ओळखीच्या लोकांसमोर, आपण चुकार ठरू नये यासाठी भांडतात. गावात राहणाऱ्याला ती भीती खरी असते. परक्या गावी आलेल्याला तर दुप्पट खरी, कारण त्याच्या बाजूने बोलायला कोणीच नसतं.

इथे मला देवळातल्या कौलाची आठवण होते. आमोण्याचा देव बेताळ. गोव्यात आणि कोकणात बेताळ रात्री गावाच्या वाटा राखत फिरतो अशी श्रद्धा आहे. चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून लोक त्याला नव्या वाहतात. रस्त्यांचा असा राखणदार ज्या मुलखाने मानला, त्या मुलखात जुने तंटेही देवापुढेच जात. गाऱ्हाणं घालायचं, मूर्तीला ओल्या पाकळ्या लावायच्या आणि उजवी पडते की डावी याची वाट पाहायची. आजच्या माणसाला हे अंधश्रद्धेचं वाटेल आणि पुराव्याच्या जागी पाकळी बसवायला मीही तयार होणार नाही. पण त्या रीतीत एक गोष्ट होती. सगळे गप्प बसत. पाकळी पडेपर्यंत कोणी निवाडा करत नसे, आणि पडल्यावर दोन्ही पक्ष एकाच पायऱ्यांवरून उतरून घरी जात, कारण उद्या एकाच विहिरीवर भेटायचं असे. रस्त्यावरच्या गर्दीत ती गप्प बसण्याची पाच मिनिटं आपण कुठे हरवली? तेवढ्या वेळात कोणीही खाली वाकून पाहू शकतो.

त्या दिवशीच्या सर्कलवर मी नंतर मुद्दाम पुन्हा गेलो. या वेळी गाड्या नव्हत्या, म्हणून रस्ता नीट दिसला. आत शिरण्याच्या तोंडाशी जी 'वाट द्या' रेषा असायला हवी, ती झिजून नाहीशी झाली होती. तसा फलकही नव्हता. पट्टे आखलेले नव्हते, त्यामुळे आतला पट्टा कुठे संपतो आणि बाहेरचा कुठे सुरू होतो हे प्रत्येकाने आपल्या अंदाजाने ठरवायचं. मधल्या ओट्यावर शोभेची झाडं माणसाच्या छातीपर्यंत वाढलेली, आणि त्यांच्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा एक फ्लेक्स. मोटारीत बसलेल्या माणसाला उजवीकडून कोण येतंय ते फ्लेक्सवरच्या चेहऱ्यांआडून शोधावं लागत होतं. ते गृहस्थ आणि तो तरुण, दोघांच्याही चुकीत या जागेचा वाटा होता, आणि गर्दीतल्या कोणीही तिसरा हात त्या दिशेला केला नव्हता. मीही तेव्हा केला नाही. माती पाहण्यात सगळे गुंतलो होतो.

सर्कल कसं असावं याचं मार्गदर्शन इंडियन रोड्स काँग्रेसने १९७६ मध्येच केलं आहे. चारही बाजूंनी मिळून तासाला तीन हजारांवर वाहनं येऊ लागली की सर्कल पुरं पडत नाही, दुसरी व्यवस्था पाहावी, एवढं स्पष्ट त्यात होतं. पणजीच्या दिवजा सर्कलसारख्या ठिकाणी संध्याकाळी उभं राहिलं की हा आकडा मोजावासा वाटतो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आलं. रस्त्याचा आराखडा, बांधणी किंवा देखभाल यांतल्या कसुरीमुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर त्या कामाला जबाबदार असलेली यंत्रणा, ठेकेदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एक लाख ही रक्कम एका जिवापुढे लाजिरवाणी आहे, हे मी ठामपणे म्हणेन. तरी त्या कलमाने एक मोठं काम केलं. अपघाताच्या आरोपींत रस्त्यालाही उभं केलं. आता प्रश्न आहे तो पंचनाम्यात त्याची हजेरी लावण्याचा. झाडांची उंची, पुसलेली रेषा, नसलेला फलक, बंद दिवा, हे नकाशात आलं नाही तर पुढे कुठल्याच न्यायालयाला ते दिसत नाही, आणि दिसणाऱ्या दोन चालकांतच सगळा दोष वाटून संपतो.

म्हणून काकांची आणि माझी सही असलेला एक अर्ज मी तिथल्या पंचायतीला आणि सार्वजनिक बांधकाम खात्याला लिहिला आहे. ओट्यावरची झाडं गुडघ्याखाली छाटावीत, फ्लेक्सला कायमची मनाई करावी, चारही तोंडांशी वाट देण्याच्या रेषा आणि फलक लावावेत, आत पट्टे आखावेत, आणि बसथांबा तोंडापासून पुढे हलवावा. सोबत काकांनी काढायला लावलेले फोटो जोडले आहेत. त्यांतल्या दोन फोटोंत गाड्याच नाहीत, नुसता रस्ता आहे, आणि अर्ज वाचणाऱ्याने ते दोन आधी पाहावेत असं मी वर लिहून ठेवलं आहे.